आमची गाणी जुनी झाली

मनुष्याचे वय मोजण्याच्या दोन रीती आहेत. पहिली पंचांगाची. तीत दर वर्षी एक अंक वाढतो, आणि तो वाढणार हे अगोदरपासून ठाऊक असल्यामुळे त्याचे कोणाला फारसे दुःख होत नाही. दुसरी रीत मात्र अशी नियमित नाही. ज्या गाण्याला आपण कालपरवापर्यंत 'नवे' म्हणत होतो, ते एके दिवशी रेडिओवर 'सदाबहार जुनी गीते' या सदराखाली लागते, आणि त्या एका क्षणात आपले वय दहा वर्षांनी वाढते. केस पिकण्याच्या कितीतरी आधी मनुष्याची गाणी पिकतात. पहिल्या मोजणीचे गणित शाळेत शिकविले जाते. दुसरीविषयी कोणी काही शिकवीत नाही. म्हणून शाळेच्याच वार्षिकात तिच्याविषयी चार शब्द लिहावे, असे आम्हांस वाटले.

आम्ही अद्याप चाळिशी गाठलेली नाही. शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो ते २००४ साल. आमचे बालपण गोव्यात गेले. घरात बोलणे कोंकणी, वाचन मराठी, आणि गाणी ज्या भाषेत मिळतील त्या भाषेत, असा आमचा संसार होता. आकाशवाणीच्या पणजी केंद्रावरून कोंकणी आणि मराठी दोन्ही भाषा ऐकू येत. दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला म्हणजे अंगणातले खेळ आपोआप थांबत. १९९९ साली 'अल्फा मराठी' ही वाहिनी निघाली, जी पुढे 'झी मराठी' झाली. तिच्यावरील 'आभाळमाया' आणि काही वर्षांनी आलेली 'वादळवाट' या मालिकांच्या वेळा पाहून घरोघरची जेवणे ठरत. २००१ साली 'दिल चाहता है' हा चित्रपट आला आणि आमच्या गोव्यातील शापोऱ्याचा किल्ला देशभर ठाऊक झाला; त्याच्या तटावर बसून समुद्राकडे पाहणाऱ्या तीन मित्रांप्रमाणे आपणही एकदा बसावे, ही त्या वेळच्या तरुणांची मोठी आकांक्षा होती. २००३ साली नोकिया कंपनीचा '११००' हा लहानसा दूरध्वनी बाजारात आला, ज्याच्या टोकाला विजेरी होती. जगभर त्याचे पंचवीस कोटींहून अधिक नग खपले. २००४ साली ऑर्कुट आले आणि मित्रांची संख्या मोजण्याची नवी विद्या आम्ही शिकलो.

आणि कॅसेट! तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ती प्रथम लोकांपुढे मांडली. आमच्या लहानपणी ती प्रौढ झालेली होती, परंतु आम्हांला ती तरुणच वाटे. तिला दोन बाजू असत. एक संपली की उठून ती उलटावी लागे. टेप गुंतली तर चाकात पेन्सिल घालून हलक्या हाताने फिरवून ती सरळ करावयाची, हे कौशल्य घरातल्या प्रत्येक मुलाला येत असे. आवडती गाणी कागदावर उतरवून तो कागद दुकानदाराकडे द्यावयाचा, म्हणजे आठवड्याभराने तो ती सर्व एका कोऱ्या कॅसेटमध्ये भरून देई. साठ मिनिटांत किती गाणी बसतील याचा हिशोब करताना जी निवड करावी लागे, तिच्यात माणसाची रुची घडत होती, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

आज या सर्व गोष्टींचे काय झाले? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. तो विजेरीचा दूरध्वनी बहुतेक घरांत कपाटाच्या खणात निजला आहे. कॅसेट वाजविण्याचे यंत्र दुरुस्त करणारा माणूस शोधू गेल्यास गावभर फिरावे लागेल. आज आमच्यासमोर नववीच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींचा जन्म आमच्या शालान्त परीक्षेनंतर पाच-सहा वर्षांनी झालेला आहे. त्यांच्या दृष्टीने २००४ आणि १९०४ ही दोन्ही साले इतिहासाच्या पुस्तकातीलच आहेत; फरक असला तर एवढाच की, दुसऱ्यावर परीक्षेत प्रश्न येतो.

मध्यंतरी वाक्प्रचार शिकविताना 'तीच ती रेकॉर्ड लावणे' हा प्रयोग आला. अर्थ वर्गाला ठाऊक होता. तेच तेच पुन्हा सांगत बसणे. तथापि एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "रेकॉर्ड म्हणजे विक्रम ना? मग तो लावायचा कसा?" प्रश्न अगदी रास्त होता. मग आम्ही ध्वनिमुद्रिका, तिच्यावरील खाचा, त्या खाचांतून फिरणारी सुई, आणि ओरखड्यामुळे सुई एकाच खाचेत अडकली तर तोच तुकडा पुनःपुन्हा कसा वाजे, हे सारे फळ्यावर चित्र काढून सांगितले. सांगता सांगता लक्षात आले की, ध्वनिमुद्रिका वाजताना आम्हीही फारशा ऐकलेल्या नाहीत. आमच्या घरी कॅसेट होती. म्हणजे यंत्र आमच्याही आधी गेले होते. पण त्याने दिलेला शब्दप्रयोग आमच्या तोंडी होता, आणि आता तो त्या मुलीच्याही तोंडी आहे. 'पिन अडकणे' हा प्रयोगही तसाच. यंत्रे मरतात आणि भाषा त्यांची आठवण जपते. या गोष्टीकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत, कारण या लेखाचे सारे मर्म तिच्यात आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रत्येक पिढीला असे वाटते की, आपल्या आधीचे युग अखंड चालत आलेले होते आणि मोडतोड झाली ती केवळ आपल्या काळात. इतिहास तसे सांगत नाही. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्यानंतरची पन्नास वर्षे नाट्यसंगीत हेच मराठी माणसाचे लोकप्रिय संगीत होते. आज आपण ते शास्त्रीय गायनाच्या शेजारी बसवितो, मुलांना ते शिकवितो, त्याच्या स्पर्धा भरवितो; पण त्या काळी ते तरुणांचे वेड होते आणि काही वडीलधाऱ्यांना ते नसते खूळही वाटत होते. पुढे १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट निघाला, आणि अवघ्या काही वर्षांत मोठमोठ्या नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. ज्यांच्या एका पदासाठी लोक रात्र रात्र जागत, त्या बालगंधर्वांना १९३५ साली 'धर्मात्मा' या बोलपटात एकनाथांची भूमिका घेऊन कॅमेऱ्यापुढे उभे राहावे लागले. त्यांच्या भक्तांना त्या दिवसांत काय वाटले असेल, याची कल्पना आज आम्ही करू शकतो. त्यांचेही तारुण्य एकाएकी 'जुने' झाले होते.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्र सरकारचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार होते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे मत होते, आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ रजा मिळाली. परिणाम काय झाला? लोकांनी चित्रपटगीते ऐकणे सोडले नाही. त्यांनी रेडिओचा काटा फिरवून सिलोन गाठले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घराघरांत पोचला. अखेर १९५७ साली आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. आता गंमत अशी की, ज्या गीतांपासून तरुणांना वाचवावयाचे होते, तीच १९५० नंतरच्या दशकातील गीते आज 'सुवर्णकाळातील गीते' म्हणून वडील मंडळी आम्हांला ऐकवितात आणि म्हणतात, "तुमच्या गाण्यांत आता तो गोडवा नाही." म्हणजे जे एका पिढीचे खूळ, ते दुसऱ्या पिढीचे सोने, आणि तिसऱ्या पिढीला मारावयाची काठी!

आमच्या घरची वडील मंडळी कोणतीही तुलना 'आदल्या तेंपार' या शब्दांनी सुरू करीत. 'आदल्या तेंपार' म्हणजे पूर्वीच्या काळी. 'तेंप' हा शब्द कोंकणीने पोर्तुगीजांकडून घेतला. म्हणजे जुना काळ किती चांगला होता हे सांगण्यासाठी आमच्या वडिलांनी जो शब्द वापरला, तो स्वतःच एके काळी परका आणि नवा होता. जुन्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ वाद मिटतील.

तथापि हे केवळ हट्टाने होते असे नाही. मनाची घडणच तशी आहे. मानसशास्त्रज्ञांना असे आढळून आले आहे की, उतारवयातील माणसांना आयुष्यातील आठवणी सांगण्यास सांगितले असता सुमारे दहा ते तीस या वयातील आठवणी इतर काळाच्या मानाने अधिक निघतात. जणू स्मृतीच्या सपाट माळावर तेवढ्याच ठिकाणी एक उंचवटा असतो. १९८९ साली होलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकन संशोधकांनी निरनिराळ्या वयाच्या माणसांना निरनिराळ्या काळांतील लोकप्रिय गाणी ऐकवून त्यांची आवड विचारली, तेव्हा श्रोत्यांचे वय साडेतेवीस वर्षांच्या आसपास असताना जी गाणी लोकप्रिय होती, त्यांच्याकडे त्यांचा कल सर्वांत अधिक दिसला. कारण शोधण्यास दूर जावयास नको. पहिली मैत्री, पहिला वियोग, घराबाहेरचे पहिले शहर, पहिला पगार हे सारे याच वर्षांत घडते, आणि त्या वेळी जवळपास जे गाणे वाजत असते ते त्या अनुभवाला चिकटून राहते. पुढे आपण म्हणतो की, गाणे चांगले होते. खरे पाहता आपण चांगले होतो. निदान तरुण तरी होतो.

हे एकदा मान्य केले म्हणजे एक अवघड प्रश्न उरतो. मग जुन्याविषयी वाटणारी हळहळ ही सर्वस्वी भ्रमच काय? आमचे उत्तर असे की, गाण्यांच्या बाबतीत बराचसा भ्रम. पण एका बाबतीत मुळीच नाही. जी खरोखर गेली ती वस्तू म्हणजे सामाईक वेळ. एक मालिका, एक वेळ, आणि तीच वेळ साऱ्या आळीची. ज्याच्या घरी दूरदर्शन संच नसे तो शेजाऱ्याच्या ओसरीवर बसे. दुसऱ्या दिवशी शाळेत, बाजारात, देवळाच्या पायरीवर बोलण्यास सर्वांना एकच विषय असे. आता प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे आणि प्रत्येक पडद्यावर निराळे जग आहे. एकाच बाकावर बसणारे दोन विद्यार्थी एकाच वर्षी तरुण होतील, पण तीस वर्षांनी भेटतील तेव्हा दोघांना मिळून आठवावे असे एकही गाणे कदाचित त्यांच्यापाशी नसेल. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदीत दूरदर्शनने १९८७ सालचे 'रामायण' पुन्हा दाखविण्यास आरंभ केला, तेव्हा आजी, वडील आणि नातवंडे एकत्र बसून ते पाहताना पुष्कळ घरांत दिसली. त्यातील चित्रीकरण जुने झाले होते. एकत्र बसणे जुने झाले नव्हते.

तरी याचीही दुसरी बाजू सांगितली नाही तर आमच्याकडून पक्षपात होईल. आमचा तो सामाईक काळ दारिद्र्यातून आला होता. दुसरे काही मिळत नव्हते म्हणून सर्वजण एकच पाहत होते. बेळगावच्या मुलाला मुंबईची एखादी मैफल ऐकावयाची असल्यास दैवाची अनुकूलता लागे. खेड्यातल्या मुलीला एखादे गाणे पुन्हा ऐकावयाचे असल्यास ते पुन्हा लागेपर्यंत थांबावे लागे. आज इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी मुले आणि आमची मुले एकाच संध्याकाळी एकच नवे मराठी गीत ऐकू शकतात. पूर्वी सीमेबाहेरच्या मराठी माणसाला मुख्य प्रदेशातील बातमी शिळी होऊनच मिळे. ती ताजी मिळू लागली, हा लाभ लहान नव्हे.

आता आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतो. जुने होण्याचे दुःख प्रत्येक ठिकाणच्या माणसाला होते. परंतु आमच्यासारख्या, महाराष्ट्राच्या उंबऱ्याबाहेर मराठी जपणाऱ्या वस्तीत त्या दुःखाला निराळा आणि गंभीर परिणाम आहे. आमच्या मुलांना चारी बाजूंनी चार भाषा ऐकू येतात. रस्त्यावर कन्नड, पडद्यावर हिंदी, यंत्रावर इंग्रजी, आणि कोणाच्या घरी आमच्यासारखी कोंकणी. या गर्दीत मराठी टिकावयाची तर ती मुलांना आवडली पाहिजे. आणि आवड ही आज्ञेने उत्पन्न होत नाही. ती करमणुकीने, विनोदाने, गाण्याने, मित्रांच्या थट्टेने उत्पन्न होते. आम्हां वडीलधाऱ्यांची रीत मात्र उलट आहे. मुलांसमोर आम्ही मराठीचे नाव घेतो ते बहुधा जुन्या, भव्य आणि संपलेल्या गोष्टींच्या संदर्भात. 'गीतरामायण' ऐका, जुनी नाटके वाचा, आमच्या वेळची मालिका पाहा. त्यांनी एखादे नवे मराठी गाणे लावले, एखादा मराठी गमतीचा तुकडा मोबाईलवर दाखविला, की आम्ही कपाळाला आठ्या घालतो. याचा अर्थ मुलांनी काय घ्यावा? हाच की, मराठी ही आजोबांची आणि आदराची भाषा. हसण्याखेळण्याची भाषा दुसरी. केसकरांच्या काळी श्रोते सिलोनला गेले. आमच्या आठ्यांमुळे आमची मुले मराठीच्या बाहेर जातील. आणि सिलोनला गेलेले श्रोते 'विविध भारती'ने परत आणले. भाषेबाहेर गेलेली मुले परत आणील असे केंद्र आमच्या पाहण्यात नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांच्या मराठी करमणुकीला शिळ्या तुलनांनी बडवू नये. ती सारीच उत्तम असेल असे नाही. आमची तरी कोठे होती? आमच्या काळातील दहा गाण्यांपैकी नऊ कोणाला आठवत नाहीत, आणि उरलेले एक घेऊन आम्ही साऱ्या काळाचा गौरव करतो. काळ चाळणी लावतोच. आजच्याही गाण्यांना तो लावील. त्याचे काम आपण आजच करावयाची घाई कशाला? १९५४ साली पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'श्यामची आई' या मराठी चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर तो मान पुन्हा मराठीकडे येण्यास तब्बल पन्नास वर्षे लागली. २००४ साली आलेल्या 'श्वास'ने तो आणला. मधल्या काळात मराठी चित्रपट संपला असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांच्या उसाशांनी 'श्वास' निर्माण झाला नाही. तो निर्माण केला त्या वेळी नवे असलेल्या माणसांनी.

याच्या उलट टोकाचा एक दोषही सांगून टाकतो. काही प्रौढ माणसांना जुने दिसण्याची इतकी धास्ती वाटते की, ती मुलांचे शब्द, मुलांचे हावभाव आणि मुलांचे कपडे उसने घेतात. मुले समोर हसतात, मागे अधिक हसतात. उसने तारुण्य हे उसन्या छत्रीसारखे असते. पाऊस आला की मालक मागावयास येतो. मुलांच्या गाण्याविषयी जिज्ञासा असावी, स्पर्धा नसावी. ज्याने आपले वय मान्य केले त्याच्याच वयाला मुले मान देतात.

आता विद्यार्थी मित्रहो, दोन शब्द तुमच्यासाठी. जुने म्हणून एखादी गोष्ट थोर नसते, हे आम्ही वर मान्य केले. त्याचप्रमाणे जुने म्हणून ती टाकाऊही नसते. भारतातील पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली निघाला. तो पाहण्यासाठी मुंबईत लोकांची झुंबड उडाली होती. आज त्याची एकही प्रत कोठे असल्याचे ज्ञात नाही. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच उरला आहे. चित्रपट जतन करण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोपर्यंत पुष्कळ काही गेले होते. हे चित्रपट शत्रूने जाळले नाहीत. ते नवे राहिले नव्हते आणि अजून प्राचीनही झाले नव्हते; त्या मधल्या काळात त्यांना कोणी विचारले नाही, म्हणून ते गेले. प्रत्येक वस्तूच्या आयुष्यात हा मधला काळ सर्वांत धोक्याचा असतो. आज आमच्या पिढीच्या वस्तू नेमक्या त्याच काळातून जात आहेत.

याउलट ज्यांना कोणी वेळेवर विचारले, त्यांचे काय झाले तेही पाहा. आमच्या गोव्यातील केरी या गावी १८९२ साली जन्मलेल्या सुरश्री केसरबाई केरकर यांचे एक भैरवीतील गायन अमेरिकेने १९७७ साली अंतराळात पाठविलेल्या 'व्हॉयेजर' यानांवरील सोनेरी तबकडीत समाविष्ट झाले. ती तबकडीही ध्वनिमुद्रिकाच आहे, आणि ती वाजविण्याची सुई यानात सोबत ठेवलेली आहे. 'व्हॉयेजर १' निघाले त्यानंतर काही दिवसांतच केसरबाईंचे निधन झाले. ते यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावकक्षेबाहेर गेले. पृथ्वीवर जिला जुनी म्हणून माळ्यावर टाकतात ती तबकडी ताऱ्यांच्या दिशेने जात आहे. दुसरे उदाहरण आमच्या कोंकणीचे. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांची गाणी ही आमच्या आईवडिलांच्या पिढीची. २०१४ सालच्या 'नाचोंया कुंपासार' या कोंकणी चित्रपटाने त्या दोघांच्या जीवनावरून स्फूर्ती घेऊन ती गाणी पुन्हा पडद्यावर आणली, आणि ज्यांचा त्या काळी जन्मही झाला नव्हता अशी मुले ती म्हणू लागली. त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही लाभला. जुने झालेले गाणे मेलेले नसते. कोणीतरी ते पुन्हा म्हणण्याची वाट पाहत असते.

चित्रपटांची आणि प्रसिद्ध गायकांची काळजी घेणारे कोणी ना कोणी भेटेल. परंतु तुमच्या स्वतःच्या घरात असे काही आहे की, ज्याची जगात दुसरी प्रत नाही. आमच्या घरी एक कॅसेट होती. तिच्यावर बाहेर एका चित्रपटाचे नाव आणि आत आमच्या आजीने म्हटलेली धालोची गाणी. कोणीतरी चित्रपटाच्या कॅसेटच्या वरच्या दोन खाचांवर कागद चिकटवून तिच्यात आजीचा आवाज भरून ठेवला होता. काही वर्षांपूर्वी एका नातलगाने कॅसेटचे चालू यंत्र संगणकाला जोडून ती गाणी उतरवून घेतली. टेपवरील लोखंडाच्या भुकटीचा लेप आमच्या दमट हवेत सुटू लागतो, बुरशी धरतो. आणखी काही पावसाळे गेले असते तर केवळ खरखर उरली असती. त्या गाण्यांतील अनेक शब्द आज आमच्या घरात कोणी बोलत नाही. आजी गेली, पण तिच्या बोलीतील ते शब्द राहिले. वर आम्ही म्हटले होते की, यंत्रे मरतात आणि भाषा त्यांची आठवण जपते. येथे त्याची उलट बाजू दिसते: यंत्राची वेळीच काळजी घेतली तर तेही भाषेची आठवण जपते.

तेव्हा या मे महिन्याच्या सुट्टीत दोन कामे करा. पहिले, घरातील कपाटे आणि माळे शोधा. एखादी हाताने नाव लिहिलेली कॅसेट, लग्नाची चित्रफीत, शाळेच्या स्नेहसंमेलनाची तबकडी सापडली तर ती आत काय आहे हे पाहिल्यावाचून टाकू देऊ नका. जाणत्या माणसाकडून ती उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यात कोण बोलते आहे हे वडिलांना विचारून लिहून ठेवा. आवाज राहिला आणि नाव हरवले तर अर्धेच काम झाले. दुसरे, आईला, वडिलांना, आजोबांना विचारा की, तुम्ही सोळा वर्षांचे असताना तुमचे आवडते गाणे कोणते होते? ते शोधून त्यांच्याबरोबर पूर्ण ऐका. मध्येच पुढे सरकवू नका. मग तुमचे एक गाणे त्यांना ऐकवा. आणि पालकांना आमची हात जोडून विनंती की, त्यांनीही ते पूर्ण ऐकावे आणि शेवटी 'आमच्या वेळी' या शब्दांनी वाक्य सुरू करू नये. एवढ्या दोन गाण्यांनी सामाईक वेळ काही पूर्वीसारखा परत येणार नाही. पण अर्धा तास तरी एक घर एकच गाणे ऐकेल.

आणि एक गोष्ट तुम्हांला आजच सांगून ठेवतो. तुम्हीही जुने होणार आहात. आज तुमच्या मोबाईलवर जे गाणे सकाळपासून रात्रीपर्यंत वाजते आहे, त्याचे नाव वीस वर्षांनी एखादा विद्यार्थी ऐकेल आणि तुमच्याकडे कौतुकाने व किंचित दयेने पाहील. त्या दिवशी रागावू नका, आणि तरुण असल्याचे सोंगही करू नका. त्याला आपल्या भाषेत ते गाणे म्हणून दाखवा. त्याला चाल आवडो वा न आवडो, आपल्या भाषेत आनंदाने गाता येते, एवढे त्याला कळले म्हणजे पुरे. आमची गाणी जुनी झाली याची खंत आम्हांला नाही. नवी गाणी मराठीत आणि कोंकणीत होत राहावीत, एवढीच आमची इच्छा आहे.